घर विकले, राहणारा मात्र तोच

घर विकायचे ठरले म्हणजे कुटुंबात पहिली चर्चा होते ती भावाची. परिसरात चौरस फुटाला काय दर चालला आहे, मागल्या वर्षी शेजारच्या विंगमधील सदनिका कितीला गेली, दलाल एक टक्का मागतो की दोन, कर किती भरावा लागेल, या हिशेबात रात्री सरतात. त्या घरात आज कोणी राहत असेल, तर त्याचा उल्लेख सर्वांत शेवटी होतो, आणि तोही एखादी किरकोळ अडचण सांगावी अशा सुरात : ‘भाडेकरू आहेत, पण त्यांना सांगू, जातील.’ या एका वाक्याच्या भरवशावर विसार घेतले जातात, ताब्याच्या तारखा दिल्या जातात आणि पुढे त्याच वाक्यापायी ठरलेले सौदे मोडतात.

वस्तुतः राहते घर विकले जाते तेव्हा केवळ भिंती आणि छप्पर विकले जात नाही. त्या घरात राहणाऱ्याशी असलेले नातेही नव्या मालकाच्या हाती जाते. हा व्यवहार कागदावर दोघांचा असला तरी प्रत्यक्षात तिघांचा असतो. आणि तिसऱ्याला अंधारात ठेवून तो सुखरूप पार पाडता येत नाही.

कायद्याची बाजू आधी पाहावी. मालकी बदलली म्हणून भाडेपट्ट्याने राहणाऱ्याचा हक्क संपत नाही, हे तत्त्व १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमात लिहिलेले आहे. त्या अधिनियमाच्या कलम १०९ नुसार खरेदीदार जुन्या मालकाच्या जागी येऊन उभा राहतो. भाडे घेण्याचा आणि शर्ती पाळून घेण्याचा हक्क त्याला मिळतो. भाडेकरूने तशी निवड केल्यास जुन्या मालकाच्या जबाबदाऱ्याही त्याच्याकडे येतात. विक्रीपूर्वी थकलेले भाडे मात्र आपोआप त्याचे होत नाही. तसेच विक्रीची खबर नसलेल्या भाडेकरूने जुन्या मालकाला भाडे चुकते केले असेल, तर तेच भाडे नव्या मालकाला पुन्हा मागता येत नाही. भाडेकरूला कोणी काही सांगणार नाही, ही शक्यता त्या काळच्या मसुदाकारांनीही गृहीत धरली होती, असेच म्हणावे लागते.

खरेदीदारालाही अज्ञानाची सबब सांगता येत नाही. ज्या मिळकतीत कोणी प्रत्यक्ष राहत आहे, त्याच्या हक्काची खरेदीदाराला जाणीव होती, असे हाच अधिनियम धरून चालतो. ‘घरात कोणी राहते हे मला कोणी सांगितले नाही’ हे म्हणणे म्हणूनच न्यायालयात टिकत नाही. दारावरची पाटी वाचणे हे खरेदीदाराचेच काम आहे. बँकेचा मूल्यांकनकार घर पाहायला जातो तेव्हा घरात कोण राहते, कोणत्या नात्याने राहते, हेही त्याच्या अहवालात नोंदवतो. कर्ज मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याची नजर किमतीच्या आकड्याइतकीच त्या ओळीवर असते.

आता प्रश्न येतो तो राहणारा नेमका कोण, याचा. बोलण्यात आपण सर्वांनाच भाडेकरू म्हणतो. कायदा मात्र दोन वेगळ्या जाती मानतो. एक खराखुरा भाडेकरू, ज्याचा त्या जागेत हक्क निर्माण झालेला असतो. दुसरा लिव्ह अँड लायसन्सच्या करारावर, म्हणजे मालकाच्या परवानगीने, ठरावीक मुदतीसाठी राहणारा. महाराष्ट्रातील शहरांत आज नव्याने दिली जाणारी बहुतेक घरे याच दुसऱ्या प्रकारात मोडतात. अकरा महिन्यांचे किंवा तीन वर्षांचे करार होतात ते हेच. या परवानगीचे नियम १८८२ च्याच भारतीय सुविधाधिकार अधिनियमात आहेत आणि त्याचे कलम ५९ सांगते की घर विकले गेले तर खरेदीदार त्या परवानगीने बांधला जात नाही.

हे कलम वाचून विक्रेत्याला हायसे वाटते. परंतु पुढची दोन कलमे वाचण्याचे कष्ट थोडेच लोक घेतात. कलम ६३ प्रमाणे परवानगी संपल्यावर राहणाऱ्याला घर सोडण्यासाठी व सामान हलवण्यासाठी वाजवी अवधी मिळाला पाहिजे. आणि कलम ६४ प्रमाणे मोबदला देऊन घेतलेली परवानगी मुदतीआधीच, राहणाऱ्याचा काही दोष नसताना, हिरावली गेली, तर ज्याने ती दिली त्याच्याकडून भरपाई मागता येते. ज्याने ती दिली तो म्हणजे विक्रेता. म्हणजे खरेदीदार मोकळा राहिला तरी विक्रेता मोकळा होत नाही. शिवाय खरेदीदाराला कायद्याच्या पुस्तकातले मोकळे घर नको असते. किल्ली फिरवली की आत जाता येईल असे मोकळे घर हवे असते. या दोन मोकळेपणांमध्ये काही महिने जाऊ शकतात.

हे काही महिने कसे जातात, ते एका कुटुंबाच्या उदाहरणावरून पाहावे.

पुण्यात कोथरूड भागात वडिलांनी घेतलेली दोन शयनकक्षांची सदनिका. आईवडिलांच्या पश्चात ती दोन भाऊ आणि एक बहीण अशा तिघांच्या नावावर आली. थोरल्या बंधूंचे सांगलीत दुकान, धाकटे नोकरीनिमित्त बेंगळुरूला, बहीण लग्नानंतर चिंचवडला. सदनिकेत पाच वर्षांपासून एकच कुटुंब राहत होते : खासगी कंपनीत हिशेबनीस असलेले गृहस्थ, त्यांची पत्नी, वृद्ध आई आणि दहावीतली मुलगी. दरमहा चोवीस हजार भाडे, एक लाख रुपये अनामत. पाच वर्षांत एकदाही भाडे पाच तारखेपुढे गेले नाही. चालू करार नोंदणीकृत होता आणि त्याची मुदत ३१ मेपर्यंत होती. मुदतीआधी घर सोडायला सांगण्याचा अधिकार मालकांनी राखून ठेवलेला नव्हता. इतके चांगले कुटुंब मध्येच निघून जाऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना बांधणारी ही शर्त थोरल्या बंधूंनीच आग्रहाने घातली होती.

धाकट्यांनी बेंगळुरूला नवे घर घेतले. त्याचा मोठा हप्ता मार्चअखेर भरायचा होता. वडिलांचे घर विकून तिघांनी वाटून घ्यावे, असे नोव्हेंबरमध्ये ठरले. थोरल्या बंधूंनी दलालाला सांगितले, “भाडेकरूंना तूर्त काही बोलू नका. बँकेचे मूल्यांकन आहे म्हणून सांगा आणि गिऱ्हाईक दाखवून आणा.” त्यात त्यांचा दुष्ट हेतू नव्हता. आधी बोभाटा झाला तर भाडेकरू घाबरून भाडे थांबवतील किंवा पैसे मागतील, असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. असे सांगणारा कोणीतरी प्रत्येक कुटुंबात असतोच.

पहिल्या दोन खेपांना त्या गृहिणीने आलेल्यांना चहा दिला. तिसऱ्या खेपेला आलेल्या बाईंनी पर्समधून टेप काढून स्वयंपाकघरातला ओटा मोजला आणि तो फोडून दुसऱ्या भिंतीला घेता येईल का, असे दलालाला विचारले. बँकेचे मूल्यांकन करणारा माणूस ओटा फोडण्याची चौकशी करत नाही. त्या संध्याकाळी त्यांनी सांगलीला फोन केला. “अजून काही नक्की नाही वहिनी,” एवढेच उत्तर मिळाले. तोपर्यंत दोन लाखांचा विसार घेऊन झाला होता आणि विसारपावतीत ३१ जानेवारीपर्यंत रिकामा ताबा देण्याचे वचन लिहून दिलेले होते.

जी गोष्ट आपल्या हातात नाही तिचे वचन लेखी देणे, ही अशा व्यवहारातील सर्वांत महागडी चूक होय. भाव चुकला तर थोडे नुकसान होते. ताब्याची तारीख चुकली तर सगळा व्यवहारच बसतो. येथेही तसेच झाले. भाडेकरूंनी वकिलाचा सल्ला घेतला. करार ३१ मेपर्यंत आहे, त्यापूर्वी घर सोडण्यास आपण बांधील नाही, आणि पूर्वसूचनेशिवाय कोणालाही घर दाखवले जाणार नाही, असे तीन वाक्यांचे पत्र आले. पत्रात एकही कठोर शब्द नव्हता. खरेदीदाराला ते कळले तसा त्याने विसार परत मागितला आणि तो द्यावा लागला.

डिसेंबरमधल्या एका रविवारी बहीण एकट्याच त्या घरी गेल्या. दलालाला त्यांनी बरोबर घेतले नाही. दार उघडले गेले, पण या वेळी चहाचे नाव निघाले नाही. बऱ्याच वेळाने त्या गृहिणी म्हणाल्या, “ताई, घर तुमचं आहे, तुम्ही ते विकणारच. आम्ही कुठे नाही म्हणतोय? पण जानेवारीत सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय आणि मार्चमध्ये मुलीची परीक्षा. आम्हाला आधी विचारलं असतं तर आम्हीच तुम्हाला तारीख सांगितली असती. आता शाळेतून आल्यावर मुलगी रोज विचारते, कोणी आलं होतं का.”

त्या रात्री तिघा भावंडांचे फोनवर बोलणे झाले. थोरले रागावले होते. “आपलं घर विकायला आपण आता भाडेकरूंची परवानगी घ्यायची का?” त्यांनी विचारले.

“परवानगी नाही दादा,” बहीण म्हणाल्या. “तारीख विचारायची.”

धाकट्यांना हप्त्याची काळजी होती. परंतु हिशेब मांडून पाहिल्यावर दिसले की त्यांना मार्चअखेर लागणारी रक्कम त्यांच्या पूर्ण हिश्श्याएवढी नव्हती. नोंदणीकृत साठेखताच्या वेळी खरेदीदाराकडून मिळणाऱ्या स्वतःच्या वाट्याच्या रकमेत, म्हणजे बँकेचे कर्ज हाती येण्यापूर्वीच, ती भागण्यासारखी होती. सर्वांनी धरून ठेवलेली जानेवारीची घाई मुळात कोणाचीच गरज नव्हती. ती पहिल्या गिऱ्हाइकाची सोय होती आणि मालकांनी ती आपली गरज समजून घेतली होती. अशा व्यवहारात आधी कागदावर मांडून पाहण्याची गोष्ट हीच : कोणाला, किती रक्कम, कोणत्या दिवशी लागणार आहे. पैशाची तारीख आणि ताब्याची तारीख एकच असली पाहिजे, असे नाही.

त्यानंतर दोन पानांचे पत्र झाले. त्यावर मालक तिघे आणि भाडेकरू गृहस्थ अशा सर्वांच्या सह्या झाल्या. भाडेकरूंनी मुदतीच्या दीड महिना आधी, १५ एप्रिलला घर सोडायचे. त्याबद्दल शेवटच्या एक महिन्याचे भाडे घ्यायचे नाही. गिऱ्हाइकाने यायचे ते फक्त रविवारी अकरा ते एक या वेळात, आदल्या दिवशी फोन करून. परीक्षेच्या काळात कोणीही यायचे नाही. आणि अनामत एक लाख रुपये नव्या गिऱ्हाइकाच्या पहिल्या रकमेतून बाजूला काढून बहिणीच्या खात्यात ठेवायचे व किल्ली देण्याच्या दिवशी धनादेशाने परत करायचे. हे शेवटचे कलम भाडेकरूंनी मागितलेले नव्हते. ते बहिणीने घातले, आणि त्याने जितका विश्वास परत आला तितका भाड्याच्या सवलतीनेही आला नाही.

जानेवारीत दुसरे गिऱ्हाईक मिळाले. एक तरुण जोडपे, ज्यांचा स्वतःचा भाडेकरार एप्रिलअखेर संपत होता. त्यांना १५ एप्रिल ही तारीख गैरसोयीची नव्हतीच. घर दाखवताना त्या गृहिणींनीच पाणी किती वाजता येते, दुपारी कोणत्या खोलीत ऊन येते, हे सांगितले. किंमत पहिल्यापेक्षा दोन लाखांनी कमी आली. हे दोन लाख आणि एका महिन्याचे चोवीस हजार, असा या प्रकरणाचा खर्च झाला. थोरले बंधू अजूनही तो दलालाच्या नावावर मांडतात.

या उदाहरणात भाडेकरू बाहेर पडले. पुष्कळदा तसे घडत नाही, आणि घडावे अशी गरजही नसते. खरेदीदार गुंतवणूक म्हणून घर घेत असेल, तर वेळेवर भाडे देणारे कुटुंब आत असणे हा त्याच्या दृष्टीने घराचा गुणच असतो. अशा वेळी लोक फार निष्काळजी होतात. भाडेकरू तोच, भाडे तेच, मग करायचे काय, असे त्यांना वाटते.

करायचे असते ते मुख्यतः अनामत रकमेचे. ही रक्कम जुन्या मालकाने कधीच खर्च केलेली असते आणि भाडेकरू ती नव्या मालकाकडे मागणार असतो. तिचा हिशेब विक्रीच्या वेळीच मिटला पाहिजे. घराची किंमत पंचाऐंशी लाख ठरली आणि भाडेकरूची अनामत एक लाख असेल, तर रीत अशी की ती एक लाख रक्कम खरेदीदाराने किमतीतून वळती करून आपल्याकडे ठेवायची आणि भाडेकरूला परत देण्याची जबाबदारी पत्करायची. परंतु खरेदीखतात किंमत पंचाऐंशी लाखच लिहिली पाहिजे आणि एक लाख कसे वळते झाले, ते त्यात नमूद केले पाहिजे. चौऱ्याऐंशी लाख लिहून मोकळे होण्याचा मोह धरू नये. मुद्रांक शुल्क आणि पन्नास लाख व त्याहून अधिक किमतीच्या व्यवहारात खरेदीदाराने कापायचा एक टक्का प्राप्तिकर, दोन्हींचा हिशेब खऱ्या मोबदल्यावरच व्हायचा असतो. आणि या वळत्या रकमेचे पत्र भाडेकरूच्या सहीनिशी करून एक प्रत त्याला द्यावी. कारण ती रक्कम त्याची आहे, हे उरलेल्या दोघांच्या सहसा लक्षात राहत नाही.

भाड्याची वाटणीही त्याच वेळी व्हावी. वेगळे काही ठरलेले नसेल, तर भाडे दिवसागणिक जमा होते असे कायदा मानतो. तेव्हा महिन्याच्या बारा तारखेला खरेदीखत झाले, तर त्या महिन्याचे भाडे दोन मालकांत विभागले जाते. रक्कम लहान असते, पण ती न सांगता एकाने ठेवून घेतली की मोठ्या रकमांवरचा विश्वासही डळमळतो.

घरात राहणारा लायसन्सवर असेल, तर खरेदीदाराने आणखी एक दक्षता घ्यावी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अंमलात आला. त्याच्या कलम २४ ने राहत्या घराच्या मालकाला मोठी सोय दिली आहे : मुदत संपूनही घर सोडले नाही तर मालकाला दिवाणी दाव्याच्या लांब वाटेने न जाता सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. परंतु या कलमाच्या स्पष्टीकरणात मालकाच्या मृत्यूमुळे मालक झालेल्या वारसाचा उल्लेख आहे. खरेदीदाराचा तसा उल्लेख नाही. वकिलांनी त्यावर वाद घालावा. खरेदीदाराने मात्र वादाची वाट न पाहता खरेदीखताच्या सुमारासच स्वतःच्या नावाने नवा करार करून तो नोंदवून घ्यावा. खर्च थोडा, झोप मात्र शांत.

नोंदणीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगावे लागते. करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, असे याच अधिनियमाचे कलम ५५ सांगते आणि ती जबाबदारी मालकावर टाकते. ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पण विक्रीच्या दृष्टीने खरा धोका शिक्षेचा नाही. करार नोंदलेला नसेल, तर कोणत्या शर्तींवर घर दिले याबाबत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोटे असल्याचे मालकाने सिद्ध करावयाचे असते. हजार-दीड हजार वाचवण्यासाठी नुसत्या स्टँप पेपरवर सह्या करून तो कपाटात ठेवणारे मालक पुष्कळ आहेत. घर विकायला काढल्यावर खरेदीदाराचा वकील तोच कागद मागतो. ओळखीतले म्हणून काहीच लिहून न घेणारेही आहेत. त्यांच्याकडे तर मागायलाही काही नसते.

राहता राहिला तो जुना भाडेकरू : मुंबईतल्या गिरगाव-दादरच्या चाळींतला, पुण्यातल्या पेठांच्या वाड्यांतला, तीन पिढ्यांपासून राहणारा. १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू करारावर राहत असलेल्या लायसन्सधारकांनाही कायद्याने भाडेकरूचा दर्जा दिला, तेही यातच आले. येथे गणित पूर्ण निराळे आहे. कायदेशीर भाडे देत राहणाऱ्या आणि शर्ती पाळणाऱ्या भाडेकरूला बाहेर काढता येत नाही. त्यासाठी कलम १६ मधील कारणांपैकी एखादे न्यायालयात सिद्ध करावे लागते. मालकाला स्वतःसाठी जागेची खरी गरज आहे, हे त्यांपैकी एक कारण. तेथेही घर सोडल्याने भाडेकरूला होणारा त्रास आणि न सोडल्याने मालकाला होणारा त्रास यांची न्यायालय तुलना करते. मालकी बदलल्याने यातले काही बदलत नाही. वर्षाला चार टक्क्यांची भाडेवाढ कायद्याने दिली आहे, पण मूळ भाडेच काही शेकड्यांत असेल, तर चार टक्क्यांत जिन्यावरचा दिवासुद्धा बदलून होत नाही. मालकाचीही एक बाजू आहे, आणि ती फारशी कोणी लिहीत नाही.

अशी जागा बाजारभावाने विकली जाईल, ही अपेक्षाच करू नये. बँकाही तिच्यावर सहसा मोकळ्या घरासारखे कर्ज देत नाहीत. अशा जागेचे पहिले गिऱ्हाईक तिथे राहणारा भाडेकरूच. त्याला आधी विचारलेच पाहिजे, असे बंधन मालकावर नाही. पण त्याच्याइतका भाव दुसऱ्याने देण्याचे कारणही नाही, कारण घर मोकळे करण्याचा खर्च फक्त त्यालाच करावा लागत नाही. उलट बाजूने, भाडेकरू जागा सोडण्यास तयार असेल आणि त्यासाठी रक्कम मागत असेल, तर ती देणे-घेणे आता चोरीचे राहिलेले नाही. १९४७ च्या जुन्या मुंबई भाडे कायद्यात मालकाने पागडी घेणे गुन्हा होता. १९९९ च्या अधिनियमाच्या कलम ५६ ने भाडेहक्क सोडण्यासाठी व हस्तांतराला संमती देण्यासाठी रक्कम घेणे वैध केले. तेव्हा ती धनादेशाने द्यावी आणि कागदावर आणावी. अंधारात दिलेल्या पैशाची पावती मिळत नाही, आणि तोच माणूस पुन्हा दारात उभा राहिला तर दाखवायला काही उरत नाही.

काही मालकांना नळ बंद करणे, दिवे तोडणे, जिन्यात सामान रचून ठेवणे हे उपाय सुचवले जातात. भाडेकरूचा अत्यावश्यक पुरवठा तोडण्यास कायद्याने स्पष्ट मनाई आहे. शिवाय ज्या घरात पाणी तोडण्याचा वाद चालू आहे, ते घर समंजस खरेदीदार घेत नाही. घेतो तो त्या वादाचा भाव कापूनच घेतो.

घरात राहणाऱ्यांसाठीही थोडे सांगणे आवश्यक आहे. घर विकले जात असल्याचे कळले म्हणून भाडे थांबवू नये. थकबाकी झाली की भक्कम बाजूसुद्धा लंगडी पडते. मात्र ‘आजपासून मालक मी’ असे कोणी फोनवर सांगितले म्हणून त्याच्या खात्यात भाडे भरण्याचीही गरज नाही. जुन्या मालकाचे सहीचे पत्र आणि खरेदीखताच्या नोंदणीचा तपशील मागावा. ते हाती येईपर्यंत जुन्याच खात्यात भरलेले भाडे वाया जात नाही. बँकेला दरमहा भाडे वर्ग करण्याची स्थायी सूचना दिलेली असेल, तर ती नव्या मालकाचे पत्र आल्यावर आठवणीने बदलावी. नाहीतर सहा-सहा महिने भाडे जुन्या मालकाच्या खात्यात जात राहते आणि तिघांचाही हिशेब बिघडतो.

ताबा देण्याच्या दिवशी दोन्ही पक्षांनी मिळून वीजमीटरचा आकडा लिहून घ्यावा, गॅसची जोडणी कोणाच्या नावावर आहे ते पाहावे, आणि सोसायटीची देणी मिटल्याचा दाखला आधीच मागवून ठेवावा. मालक स्वतः राहत नाही म्हणून सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत जे जादा शुल्क सोसायटी लावते, ते अनेकदा वर्षानुवर्षे थकलेले असते आणि नेमके याच दिवशी उजेडात येते. ते मालकाने भरायचे असते. किल्ली एका हाताने घेताना अनामतीचा धनादेश दुसऱ्या हातात तयार असावा. आणि टपाल पाठवण्यासाठी भाडेकरूंचा नवा पत्ता वहीत उतरवून घ्यावा, कारण पुढले दोन-तीन महिने त्यांची पत्रे याच दारावर येत राहतात.